वीजबिलातील स्थिर आकार व लहान ग्राहक



गोदाकाठच्या या व्यासपीठावरून आपण राष्ट्र, धर्म, साहित्य, विज्ञान अशा मोठमोठ्या विषयांवर व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मानाने माझा आजचा विषय अगदीच घरगुती आहे. दर महिन्याला आपल्या घरी वीजबिलाचा कागद येतो. आपण त्याच्या तळाचा आकडा पाहतो, कपाळाला आठ्या घालतो, मुदतीची तारीख वाचतो आणि पैसे भरून मोकळे होतो. त्या तळाच्या आकड्यापर्यंत हिशेब कोणत्या वाटेने गेला, हे पाहण्याची सवय आपल्याला नाही. वाण्याच्या यादीत एक रुपयाची चूक झाली तर आपण दुकानात परत जातो. पण सरकारी शिक्क्याच्या कागदापुढे आपली चिकित्सा थांबते. आज आपण त्या कागदावरच्या एकाच ओळीचा विचार करू. ती ओळ म्हणजे 'स्थिर आकार'.

प्रथम शब्दांचा अर्थ स्पष्ट करून घेऊ. आपल्या बिलात मुख्यतः तीन रकमा असतात. जितके युनिट जळाले तितक्यांचा वीज आकार ही पहिली. ती वीज तारांवरून आपल्या दारापर्यंत आणल्याचा वहन आकार ही दुसरी. तीही युनिटांवरच मोजतात. तिसरा स्थिर आकार. याचा आणि युनिटांचा काही संबंध नाही. महिनाभर दिवा लावला नाही, मीटरचा काटा जागचा हलला नाही, तरी हा आकार द्यावाच लागतो. यांवर इंधनाचे समायोजन येते आणि मग सरकारचे वीज शुल्क. घरगुती ग्राहकाला ते शेकडा १६ या दराने पडते.

आता थोडे अंकगणित करू. कंटाळू नका, चौथीच्या मुलाला येईल एवढेच ते आहे. वीजदर हे सारखे बदलत असतात, म्हणून जे वर्ष पुरे होऊन गेले आहे त्या २०२४-२५ सालचे महावितरणचे मूळ दर मी घेतो. इंधन समायोजन आणि शुल्क बाजूला ठेवतो. त्या वर्षी सिंगल फेजच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटांना प्रत्येकी ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, वहन आकार युनिटामागे १ रुपया १७ पैसे आणि स्थिर आकार महिना १२८ रुपये, असे दर होते.

जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यातील दोन खोल्यांचे बिऱ्हाड डोळ्यांपुढे आणा. एकटी म्हातारी बाई राहते. नऊ वॉटचे तीन दिवे संध्याकाळी पाच तास जळतात, एक पंखा सहा तास फिरतो, दोन तास दूरदर्शन संच चालतो. या सगळ्याचा हिशेब महिन्याला वीस युनिटांच्या आसपास येतो. वीस युनिटांची वीज झाली ९४ रुपये २० पैशांची. वहन आकार २३ रुपये ४० पैसे. दोन्ही मिळून ११७ रुपये ६० पैसे. त्यावर स्थिर आकार १२८ रुपये. म्हणजे तिने वापरलेल्या विजेपेक्षा न वापरलेल्या विजेचेच पैसे जास्त! एकूण बिल २४५ रुपये ६० पैसे, आणि युनिटामागे पडलेली किंमत १२ रुपये २८ पैसे.

आता नव्या वसाहतीतला एक प्रशस्त फ्लॅट घ्या. तिथे शीतकपाट आहे, पाणी तापवण्याचे यंत्र आहे, धुण्याचे यंत्र आहे, उन्हाळ्यात एक खोली थंड करण्याचीही सोय आहे. महिना ३०० युनिट जळतात. या घराचे बिल त्याच दरांनी ३००८ रुपये होते. युनिटामागे पडले १० रुपये ३ पैसे. आपण ऐकत आलो आहोत की आपल्या राज्यात थोडी वीज वापरणाऱ्याला स्वस्त आणि पुष्कळ वापरणाऱ्याला महाग असे टप्पे आहेत. दरपत्रक वाचले तर ते खरेच आहे. पण स्थिर आकार मिळवून बेरीज केली की तीन दिव्यांच्या घरी वीज महाग पडते आणि थंड खोलीच्या घरी स्वस्त. एका हाताने दिलेली सवलत दुसऱ्या हाताने काढून घेतली, तीही व्याजासकट.

हे पूर्वीपासून असेच होते काय? तसे नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये नियामक आयोगाने दिलेल्या आदेशात हा स्थिर आकार महिना ४० रुपये होता. पहिल्या शंभर युनिटांचा दर ३ रुपये ३६ पैसे आणि त्यापुढच्या दोनशेंचा ६ रुपये ५ पैसे होता. २०२०-२१ मध्ये स्थिर आकार १०० वर गेला आणि २०२४-२५ मध्ये १२८ वर. म्हणजे बारा वर्षांत पहिल्या टप्प्यातील युनिटाची किंमत, वहन आकार धरून, पावणेदोन पट झाली आणि स्थिर आकार तिपटीहून अधिक झाला. त्याचा परिणाम पाहा. वीस युनिटांच्या घराचे २०१२ चे मूळ बिल १०७ रुपये २० पैसे होते. ते २४५ रुपये ६० पैसे झाले, म्हणजे शेकडा १२९ ने वाढले. तीनशे युनिटांच्या घराचे बिल १५८६ रुपयांवरून ३००८ वर गेले, म्हणजे शेकडा ९० ने वाढले. जो कमी जाळतो त्याचे बिल जास्त वेगाने वाढले. ही वाढ कोणी जाहीर सभेत सांगून केलेली नाही. ती एका ओळीतून हळूच झालेली आहे.

श्रोतेहो, इथपर्यंत ऐकल्यावर आपल्यापैकी काहींच्या मनात कंपनीविषयी राग आला असेल. पण रागाने हिशेब सुटत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे, आणि ते पोकळ नाही.

वीज ही साठवून ठेवण्यास कठीण अशी वस्तू आहे. आपण बटण दाबतो त्याच क्षणी ती कोठेतरी तयार होत असावी लागते. आपल्या शेजारचे एकलहऱ्याचे औष्णिक केंद्र घ्या. १९७० च्या सुमारास ते उभे राहिले आणि पुढे २१० मेगावॉटचे तीन संच तेथे बसले. तेथे कोळसा जळतो तो वीज काढावी तसा. पण बांधकामाच्या कर्जाचे व्याज, यंत्रांची झीज, कामगारांचे पगार हे संच बंद असला तरी द्यावेच लागतात. तेथून निघालेल्या तारा, मनोरे, उपकेंद्रे, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, खांबावरून आपल्या घरात आलेली वायर, तो मीटर, तो वाचणारा माणूस आणि बिल छापणारे कार्यालय, यांचा खर्चही आपण किती दिवे लावले यावर अवलंबून नसतो. इतर उत्पादकांकडून वीज घेण्याचे जे करार असतात, त्यांतही वीज उचलली न उचलली तरी क्षमतेपोटी ठरलेली रक्कम द्यावी लागते. तेव्हा कंपनी म्हणते, आमचा बहुतेक खर्च स्थिर आहे. मग त्याचा काही भाग स्थिर आकारानेच वसूल केला तर त्यात अन्याय कोणता?

हा विचार जुना आहे. जॉन हॉप्किन्सन नावाच्या इंग्रज एंजिनियराने १८९२ साली एका भाषणात तो प्रथम व्यवस्थित मांडला. विजेच्या कारखान्याचा खर्च दोन प्रकारचा, एक तयार राहण्याचा आणि दुसरा प्रत्यक्ष वीज काढण्याचा. म्हणून ग्राहकाकडून पैसेही दोन भागांत घ्यावेत, असे त्याचे म्हणणे होते. ब्रायटन शहराच्या वीज कारखान्यातील आर्थर राइट याने त्याच सुमारास ग्राहकाची कमाल मागणी मोजणारे उपकरण काढले. आपल्या देशातील १९१० च्या वीज कायद्यातही ही कल्पना आली होती. ज्या जागेत स्वतःची वेगळी वीजसोय आहे, तिच्या मालकाला परवानेदाराकडून वीज हवी असेल, तर त्याच्या संभाव्य कमाल मागणीसाठी परवानेदाराला जो भांडवली व स्थायी खर्च येतो, तो भागेल एवढी किमान वार्षिक रक्कम देण्याचे त्याने कबूल केले पाहिजे, असे त्या कायद्याचे बाविसावे कलम सांगत होते. तो कायदा २००३ च्या कायद्याने रद्द झाला. पण या नव्या कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमातही प्रत्यक्ष विजेच्या आकाराबरोबर स्थिर आकार घेता येईल असे स्पष्ट लिहिलेले आहे. म्हणजे स्थिर आकार बेकायदेशीर नाही, नवा नाही आणि तर्काला सोडूनही नाही. तो मुळातच असू नये असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही.

मग माझी तक्रार कोणती? ती अशी की, हॉप्किन्सनचे नाव घेऊन आपण त्याचा अर्धाच विचार उचललेला आहे.

हॉप्किन्सनने स्थिर आकार घ्या असे सांगितले खरे. पण तो कशाच्या प्रमाणात? ग्राहक एकाच वेळी जास्तीत जास्त किती वीज मागू शकतो, त्या प्रमाणात. कारखाना किती मोठा बांधावयाचा हे ग्राहकांच्या डोक्यांवरून ठरत नाही. सर्वांची मागणी एकदम उसळते त्या तासावरून ठरते. आपल्या वाड्यातील बाईने सगळे दिवे, पंखा आणि दूरदर्शन एकदम लावले तरी दीडशे वॉटच्या वर ती जात नाही. त्या फ्लॅटमध्ये पाणी तापत असताना खोली थंड करण्याचे यंत्र चालू असेल तर तीन-चार किलोवॉट सहज लागतात. म्हणजे वीस-पंचवीस पट. एकलहऱ्याचा संच, गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, जाड तार हे सर्व ज्याच्यासाठी मोठे करावे लागते तो कोण? आणि २०२४-२५ मध्ये स्थिर आकार दोघांनाही सारखाच १२८ रुपये होता. थ्री फेजवाल्यास अधिक आकार आहे हे खरे. पण सिंगल फेजच्या मोठ्या वर्गात तीन दिवे आणि तीन किलोवॉट एकाच पंक्तीला बसवले आहेत.

यासाठी इंग्लंडातल्या एंजिनियराकडेच जावयास पाहिजे असे नाही. आपल्या नाशिक आणि धुळे जिल्ह्यांत, मोसम, गिरणा, पांझरा या नद्यांवर, फड पद्धतीची बागायत शेकडो वर्षे चालत आलेली आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली गावाचे फड. पाट स्वच्छ ठेवावा लागे, पाटकऱ्याला त्याचे धान्य द्यावे लागे, आणि पाणी आले काय, न आले काय, बंधाऱ्याची डागडुजी चुकत नसे. हा स्थिर खर्चच होय. तो आमच्या शेतकऱ्यांनी कसा वाटून घेतला? उंबरठ्यागणिक नव्हे, ज्याची जितकी जमीन पाटाखाली, तितका त्याचा वाटा. अर्धा बिघा असणाऱ्याकडून वीस बिघेवाल्याइतकेच धान्य मागितले असते, तर त्या पंचांना गावाने वेड्यात काढले असते. हॉप्किन्सनचे पुस्तक ज्यांच्या गावी नव्हते, त्यांना त्याचे तत्त्व ठाऊक होते.

तेव्हा स्थिर खर्चाचेही दोन भाग पाडावे लागतात. काही खर्च खरोखरच प्रत्येक ग्राहकामागे सारखा येतो: मीटर, त्याचे वाचन, बिलाचा कागद, हिशेबाची नोंद. तो सर्वांनी सारखा द्यावा. त्यात कोणाचीही तक्रार असू नये. पण केंद्रे, तारा, उपकेंद्रे, ट्रान्सफॉर्मर यांचा खर्च भाराप्रमाणे येतो. तो भाराप्रमाणेच वाटला पाहिजे. आज हे दोन्ही एकाच ओळीत कालवले जातात आणि त्या कालवणाचे सारखे वाटे घातले जातात.

येथे एक आक्षेप येतो आणि तो विचार करण्यासारखा आहे. कोणी म्हणेल, थोडी वीज वापरणारा प्रत्येक जण गरीब असतो असे कोणी सांगितले? इगतपुरीच्या थंड हवेत बंगला बांधून वर्षातून आठ दिवस तेथे जाणाऱ्याचा मीटर बाकीचे अकरा महिने शून्यच दाखवतो. गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलेले फ्लॅट आपल्या शहरात काय थोडे आहेत? शिवाय २०२४ पासून केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेने छपरावर सौर पट्ट्या बसवण्यास अनुदान मिळू लागले. ज्याच्याकडे स्वतःचे छप्पर आणि हाताशी थोडे भांडवल आहे, त्याचे हिशेबाचे युनिट शून्यावर येतात, पण रात्री तो कंपनीच्याच तारांवर विसंबून असतो. स्थिर आकार काढून टाकला तर या मंडळींना तारा फुकट मिळतील, आणि त्यांचा भार युनिटाच्या दरावर पडेल. मग एका मीटरवर आठ माणसे राहत असलेल्या गरीब कुटुंबाचे बिल वाढेल. हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच 'स्थिर आकार रद्द करा' ही घोषणा सोपी असली तरी न्याय्य नाही.

पण याच आक्षेपात उत्तरही आहे. इगतपुरीचा बंद बंगला आणि सुरगाण्याचे बंद घर यांत फरक कसा करावयाचा? दोन्ही मीटर शून्यच दाखवतात. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक या तालुक्यांतील पुष्कळ आदिवासी कुटुंबे पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. घराला कडी लावून माणसे तीन-चार महिने बागेच्या बांधावर राहतात. त्यांच्या मागे घरातला मीटर गप्प असतो. पण बिल गप्प नसते. ज्याला दारिद्र्यरेषेखालील सवलतीचा वर्ग मिळालेला नाही, त्याच्या नावावर चार महिन्यांत, त्या वर्षीच्या दराने, ५१२ रुपये नुसते स्थिर आकाराचे चढले. घरी परतल्यावर पुढे थकबाकी उभी. भरली नाही तर नोटीस. नोटिशीची मुदत गेली की जोडणी तोडलेली. २०१७ साली 'सौभाग्य' योजनेने देशभर घरोघर जोडण्या दिल्या आणि गरिबांना त्या फुकट दिल्या, हे मोठे काम झाले. पण फुकट मिळालेली जोडणी टिकवण्याचीच ऐपत राहिली नाही, तर खांब उभा राहतो आणि घरात अंधारच राहतो.

युनिटांनी या दोन घरांतील फरक कळत नाही, भाराने कळतो. बंगल्याचा मंजूर भार पाच किलोवॉट असेल, झोपडीचा पाव-अर्धा. स्थिर आकार भारावर बसवला की बंगला, बंद फ्लॅट, सौर पट्ट्यांचे मोठे घर ही सर्व आपापल्या वाट्याचा खर्च आपोआप देतील, आणि लहान माणूस सुटेल. १९१० च्या कायद्याने स्वतःची वीजसोय असणाऱ्यास जे सांगितले होते, तेच आज वेगळ्या रूपाने लागू होईल.

हे जमते कसे ते दाखवण्यापुरता एक कल्पित हिशेब सांगतो. समजा एका गल्लीत दहा घरे आहेत. २०२४-२५ च्या दराने प्रत्येकी १२८ प्रमाणे कंपनीला १२८० रुपये मिळत. यांतील चार घरांचा भार अर्धा किलोवॉट, चारांचा दोन किलोवॉट आणि दोघांचा पाच किलोवॉट. एकूण वीस किलोवॉट झाले. मीटर-बिलाच्या खर्चापोटी सर्वांकडून सारखे ३० रुपये घेतले, तर ३०० रुपये आले. उरलेले ९८० वीस किलोवॉटांवर वाटले तर किलोवॉटला ४९ रुपये पडतात. मग अर्ध्या किलोवॉटचे घर देईल ५४ रुपये ५० पैसे, दोन किलोवॉटचे घर देईल तेवढेच १२८ आणि पाच किलोवॉटचे देईल २७५. कंपनीची बेरीज तीच, १२८०. कंपनीचा एक पैसाही बुडाला नाही, मध्यमवर्गाच्या बिलात फरक पडला नाही, मोठ्या घराच्या तीन हजारांच्या बिलात १४७ रुपये वाढले आणि वाड्यातील त्या बाईचे बिल अडीचशेच्या घरातून एकशे बहात्तरावर आले. तिच्या दृष्टीने ही साडेत्र्याहत्तर रुपयांची बचत म्हणजे महिन्याच्या दुधाचा काही दिवसांचा प्रश्न सुटला.

हे स्वप्नरंजन नव्हे. आपल्या शेजारच्या गुजरातेत सरकारी वीज कंपन्यांचा घरगुती स्थिर आकार भारावरच बसवलेला आहे. दोन किलोवॉटपर्यंत महिना १५ रुपये, पुढे चारपर्यंत २५, सहापर्यंत ४५ आणि त्यावर ७०, असे तेथील टप्पे कित्येक वर्षे राहिले. सापुताऱ्याचा घाट उतरला की जे न्याय्य ठरते, ते अलीकडे का ठरू नये? दिल्लीत २०१८ साली आयोगाने स्थिर आकार एकदम वाढवला. दोन किलोवॉटपर्यंतच्या घरांना किलोवॉटला १२५ रुपये लावले. लोकांची ओरड झाली आणि २०१९ मध्ये तो पुन्हा किलोवॉटला २० रुपयांवर आणावा लागला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०२४ साली महिना सुमारे २४ डॉलरांचा स्थिर आकार मंजूर झाला. पण अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना तो ६ वा १२ डॉलर ठेवला. खुद्द हॉप्किन्सनच्या इंग्लंडात २०२१-२२ च्या सुमारास अनेक वीजविक्रेत्या कंपन्या बुडाल्या, त्यांच्या ग्राहकांना सांभाळण्याचा खर्च रोजच्या स्थिर आकारात घातला गेला, आणि एवढी तक्रार झाली की तेथील नियामकाला २०२३ मध्ये या विषयावर लोकांची मते मागवावी लागली. तेथील आगाऊ पैसे भरण्याच्या मीटरवर गरीब माणूस पैसे संपले म्हणून अंधारात बसतो, तेव्हाही आकार चढतच राहतो. पुढे हाती आलेले पैसे मीटरमध्ये घातले की पहिला घास तो आकारच खातो. सुरगाण्याची आणि इंग्लंडची गोष्ट किती सारखी आहे पाहा!

कोणी म्हणेल, गरिबांसाठी सवलतीचा वर्ग आहेच. आहे, आणि तो चांगला आहे. केंद्राच्या वीजदर धोरणाने महिना तीस युनिटांच्या आतील दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांस विशेष आधार देण्यास सांगितले आहे, आणि आपल्याकडेही वर्षाला ३६० युनिटांची मर्यादा घालून तो वर्ग केलेला आहे. पण तो वर्ग प्रत्येक गरीब घराला मिळतोच असे नाही. सवलतीच्या वर्गात असणे आणि गरीब असणे यांत आपल्या देशात केवढे अंतर आहे, हे आपणास सांगावयास नको. तुटपुंज्या पेन्शनवर जगणारा निवृत्त कारकून, मुले परगावी गेलेली विधवा, भाड्याच्या खोलीत राहून शिकणारा विद्यार्थी, यांच्यापाशी सवलत असेलच असे नाही आणि पैसाही नाही. भाराचे तत्त्व त्यांना वर्ग विचारीत नाही. मीटरच सांगतो. आज बसणाऱ्या बऱ्याच मीटरांत कमाल मागणीची नोंद होते. तेव्हा कागदावरचा मंजूर भार खरा की खोटा, हेही तपासता येईल.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. आपण मुलांना शिकवतो की खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करावा. २०१५ पासून सरकारनेही स्वस्तात दिवे वाटून काटकसर शिकवली. साठ वॉटचा दिवा काढून नऊ वॉटचा लावला, युनिट निम्म्यावर आले, आणि तरी बिल निम्म्यावर आले नाही, तर काटकसरीवरचा विश्वासच उडतो. ज्या दरपत्रकात काटकसरीचे फळ मोठ्याला मिळते आणि लहानाला मिळत नाही, ते दरपत्रक हिशेबाने बरोबर असले तरी शिकवणुकीने चूक आहे.

हे बदलावयाचे कोणी? येथे आपला संबंध येतो. १९९९ साली महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला. त्यापूर्वी दर ठरत ते मंडळात आणि मंत्रालयात. आता कंपनीला आपला हिशेब आयोगापुढे मांडावा लागतो, तो प्रसिद्ध करावा लागतो, आणि लोकांच्या सूचना व हरकती ऐकल्याशिवाय आयोगाला आदेश काढता येत नाही. भार, एकूण खप, वापराची वेळ अशा कारणांवरून ग्राहकाग्राहकांत भेद करण्याची मुभा कायद्याने आयोगास दिलेली आहे. म्हणजे मी जे सांगतो त्याला कायदा बदलण्याची गरज नाही. आयोगाच्या जाहीर सुनावण्या आपल्या नाशिक शहरातही झालेल्या आहेत. पुण्याची प्रयास, मुंबईची ग्राहक पंचायत यांसारख्या संस्था तेथे अभ्यास करून बोलतात. कारखानदारांचे प्रतिनिधी आकड्यांच्या फायली घेऊन येतात, आणि ते योग्यच करतात. पण वीस युनिटांच्या ग्राहकाचा प्रतिनिधी कोण? त्याच्यापाशी वकील नाही, संघटना नाही, आणि सुनावणीच्या दिवशी त्याची मजुरी बुडते. त्याच्या वतीने बोलावयाचे तर ते आपण, म्हणजे ज्यांना आकडे वाचता येतात आणि एक संध्याकाळ व्याख्यानाला देता येते, त्यांनीच बोलले पाहिजे. ज्या दोन किलोवॉटच्या घरांत आपल्यापैकी बहुतेक राहतात, त्यांचे या बदलात काही जात नाही. मग संकोच कशाचा?

म्हणून माझी विनंती तीन कामांची आहे. घरी गेल्यावर आपले बिल उघडा आणि एकूण रकमेला युनिटांनी भागून आपल्याला युनिट किती पडले ते काढा. मग आपल्या घरी काम करणाऱ्या बाईचे, वाड्यातील शेजाऱ्याचे बिल पाहून तोच भागाकार करा; दोन उत्तरे शेजारी ठेवली की मी एवढा वेळ जे सांगितले ते एका ओळीत कळेल. आणि पुढच्या दरनिश्चितीच्या वेळी सूचना-हरकतींची जाहिरात वर्तमानपत्रात येईल, तेव्हा एक कागद घेऊन त्यावर एवढेच लिहा: मीटर-बिलाचा खर्च सर्वांना सारखा लावावा, बाकीचा स्थिर आकार भाराप्रमाणे लावावा. असे पाचशे कागद नाशकातून गेले, तर आयोगाला त्यांचे उत्तर आदेशात लिहावे लागेल. उत्तर अनुकूल येईलच असे नाही. पण आज त्या बाजूने प्रश्नच पुरेसा विचारला जात नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यास कोणी बांधलेला नसतो.